लक्झरी टॅक्स: एनबीएचे मालक पैसा असूनही हात आखडता का घेतात?

जून २०२५ मध्ये इंडियाना पेसर्स एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, फायनलमध्ये थेट सातव्या गेमपर्यंत गेले, त्याच गेममध्ये त्यांच्या स्टार टायरीस हॅलिबर्टनचा टाचेमागचा अकिलीस फाटला, ओक्लाहोमा सिटी जिंकलं, आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत पेसर्सचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) मायल्स टर्नर टीम सोडून मिलवॉकीला गेला. २०१५ पासून तो याच टीममध्ये होता, म्हणजे सगळं करिअरच इथे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे सामने झाले होते ना, सॅक्रॅमेंटो किंग्ज विरुद्ध पेसर्स, तेव्हाची जी पेसर्स टीम होती त्यातलाच हा खेळाडू, त्यामुळे आपल्या इथून पेसर्स फॉलो करणाऱ्यांनाही ती बातमी लागली. मिलवॉकीने चार वर्षांसाठी १०.५ कोटी डॉलरपेक्षा जास्त दिले. रक्कम मोठी आहे पण एनबीएच्या हिशोबात चांगल्या सेंटरसाठी ती काही डोळे पांढरे करणारी नाही, आणि पेसर्सचे मालक हर्ब सायमन मॉलच्या धंद्यातले अब्जाधीश आहेत, १९८३ पासून टीम त्यांच्या घरात आहे. मग चॅम्पियनशिपच्या दारात उभ्या असलेल्या टीमने घरचा माणूस जाऊ का दिला?

टीमच्या मॅनेजमेंटने नंतर सांगितलं की आमची टॅक्स भरायची तयारी होती. पण चर्चा सगळी त्याच शब्दाभोवती फिरत राहिली, कारण २००५-०६ नंतर पेसर्सने हा टॅक्स एकदाही भरलेला नव्हता. हा टॅक्स म्हणजे एनबीएचा लक्झरी टॅक्स. तो नीट समजला की अर्ध्याहून जास्त ट्रेड, म्हणजे टीममधल्या खेळाडूंच्या अदलाबदली, ज्या वरवर बघता वेडेपणा वाटतात, त्यांचा अर्थ लागायला लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, हा सरकारी टॅक्स नाही. अमेरिकन सरकारचा याच्याशी काही संबंध नाही, लीगने आणि खेळाडूंच्या युनियनने मिळून जो करार केलेला असतो त्यातलं हे एक कलम आहे. टीमची एकूण सॅलरी एका ठराविक रेषेच्या वर गेली की मालकाने वरच्या प्रत्येक डॉलरमागे लीगला दंड भरायचा. हा पैसा खेळाडूला मिळत नाही. त्यातला जास्तीत जास्त अर्धा भाग ज्या टीम रेषेच्या खाली राहिल्या त्यांच्यात सारखा वाटला जातो आणि उरलेला लीगच्या कामांना जातो, हा वाटपाचा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याला आयपीएलची सवय आहे. तिथे २०२५ च्या ऑक्शनला प्रत्येक टीमची पर्स १२० कोटी रुपये होती म्हणजे १२० कोटीच, अंबानी असोत नाहीतर कोणीही असो, त्याच्या वर एक रुपयाची बोलीही लावता येत नाही. एनबीएमध्येही सॅलरी कॅप आहे, २०२५-२६ साठी ती साधारण १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे, पण ती मऊ कॅप आहे, तिला भरपूर पळवाटा आहेत. सगळ्यात मोठी पळवाट बॉस्टनचा जुना स्टार लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाते, स्वतःचा खेळाडू टिकवायचा असेल तर कॅप ओलांडून त्याला पैसे देता येतात. १९८४-८५ ला कॅप आली तेव्हापासूनच हे आहे आणि मला तरी हे बरोबर वाटतं, कारण लोक आपल्या खेळाडूंसाठी टीमवर जीव लावतात, ते दर तीन वर्षांनी कॅपपायी निघून गेले तर टीम उरतेच कुठे. पण मग प्रश्न येतो की ज्याच्याकडे अमाप पैसा आहे तो मालक कितीही खर्च करत सुटेल, त्याला आवर कोण घालणार? तो आवर म्हणजे लक्झरी टॅक्स.

१९९८-९९ च्या लॉकआउटनंतर (मालकांनी करारावरून लीगच बंद ठेवली होती), ज्यात सीझन फक्त ५० गेमचा झाला होता, हा टॅक्स करारात आला आणि प्रत्यक्षात पहिल्यांदा २००२-०३ ला लागू झाला. तेव्हा हिशोब सरळ होता, रेषेच्या वर एक डॉलर खर्च केला की एक डॉलर टॅक्स. आणि त्याने श्रीमंतांना काडीचा फरक पडला नाही. मायक्रोसॉफ्टवाले पॉल ॲलन पोर्टलँडचे मालक होते, त्यांनी पहिल्याच वर्षी पाच कोटी डॉलरच्या वर टॅक्स भरला आणि टीम पहिल्याच राउंडला बाहेर. न्यूयॉर्क निक्सने तर त्या दशकात एकामागून एक महागडे, उतरणीला लागलेले खेळाडू जमवले, २००५-०६ मध्ये लीगमधली सगळ्यात महागडी टीम त्यांची होती आणि ८२ पैकी फक्त २३ गेम जिंकले. म्हणजे पैसे ओतून जिंकता येतं असंही नाही, पण छोट्या शहरांच्या मालकांचं म्हणणं वेगळं होतं, की निक्स, लेकर्स चूक करूनसुद्धा परत पैसे टाकून ती दुरुस्त करू शकतात, आम्हाला एक वाईट कॉन्ट्रॅक्ट पाच वर्षं मागे नेतं. हे म्हणणं मला पटतं.

म्हणून २०११ चा लॉकआउट झाला तेव्हा मालकांनी हा टॅक्स खूपच कडक करून घेतला. २०१३-१४ पासून इन्कम टॅक्ससारखे स्लॅब आले, रेषेच्या वरच्या पहिल्या ५० लाख डॉलरला प्रत्येक डॉलरमागे दीड डॉलर, पुढच्या ५० लाखाला पावणेदोन, मग अडीच, मग सव्वातीन, आणि त्यानंतर प्रत्येक ५० लाखाला अर्धा अर्धा डॉलर वाढत जाणार. वर रिपीटर नावाचा प्रकार आला, म्हणजे आधीच्या चार सीझनपैकी तीनमध्ये टॅक्स भरला असेल तर रेट अजून एका डॉलरने जास्त. नव्या नियमाचा पहिलाच मोठा बळी ब्रुकलिन नेट्स. रशियन अब्जाधीश मिखाईल प्रोखोरोव मालक होते, त्यांनी बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स आणले, दोघंही पस्तिशीच्या पुढे-मागे, टॅक्स ९ कोटी डॉलरच्या वर गेला आणि टीम दुसऱ्या राउंडला मायामीकडून ४-१ ने हरली. शिवाय त्या ट्रेडमध्ये ड्राफ्टचे जे पिक, म्हणजे दर वर्षी नवे खेळाडू निवडायचे हक्क, बॉस्टनला दिले त्यातूनच बॉस्टनला जेलन ब्राउन मिळाला आणि एका अदलाबदलीनंतर जेसन टेटम, हे दोघं पुढे परत येतील.

आता २०२५-२६ सीझनचे आकडे बघू, कारण गंमत आकड्यांतच आहे. २०२५-२६ ला टॅक्सची रेषा साधारण १८ कोटी ७९ लाख डॉलरवर आहे. स्लॅब आता ५० लाखांचे नाहीत, कॅपबरोबर वाढत साधारण ५७ लाखांचे झालेत. आणि २०२३ च्या करारामुळे रेटही बदलले. जी टीम रिपीटर नाही तिला पहिल्या स्लॅबला एका डॉलरमागे एकच डॉलर, दुसऱ्याला सव्वा, पण तिसऱ्याला एकदम साडेतीन आणि चौथ्याला पावणेपाच. रिपीटरला हेच रेट तीन, सव्वातीन, साडेपाच आणि पावणेसात. बघा काय केलंय, थोडंसं वर जाणाऱ्या नवख्या टीमला आधीपेक्षा स्वस्त केलं, आणि खोल जाणाऱ्याला अन् तिथेच राहणाऱ्याला जबर महाग.

समजा एक टीम रेषेच्या दीड कोटी डॉलर वर आहे. रिपीटर नसेल तर टॅक्स साधारण २.५५ कोटी. रिपीटर असेल तर तोच टॅक्स ५.५५ कोटी. टीम तीच, खेळाडू तेच, फक्त मागच्या चार वर्षांच्या इतिहासामुळे तीन कोटी डॉलर जास्त. आता या टीमला बेंचवरून येणारा एक शूटर पाहिजे आहे ज्याची सॅलरी ५० लाख डॉलर आहे, एनबीएत ही सॅलरी अगदी साधी समजली जाते. तो घेतला की नवीन ५० लाखांतला काही भाग साडेतीनच्या स्लॅबमध्ये आणि काही पावणेपाचच्या स्लॅबमध्ये पडतो, टॅक्स अजून २.१२ कोटींनी वाढतो, म्हणजे ५० लाखांचा माणूस मालकाला २.६२ कोटींना पडला. रिपीटर असेल तर ३.६२ कोटींना. सात पटीपेक्षा जास्त! जनरल मॅनेजर मालकाच्या केबिनमध्ये जाऊन "सर, एक शूटर घेऊया का" विचारतो तेव्हा मालकाच्या डोक्यात ५० लाख नसतात, ३.६२ कोटी असतात, आणि त्या पैशात त्या शूटरची किंमत वसूल होऊच शकत नाही.

माझ्या मते सगळा विषय इथेच आहे. लक्झरी टॅक्स मालकाला "खर्च करू नको" असं कधीच म्हणत नाही, तो फक्त शेवटच्या खेळाडूची किंमत पाच-सात पट करून ठेवतो. सुपरस्टारला याचा त्रास होत नाही, स्टेफ करीला कोण सोडणार आहे, त्याच्याशिवाय टीमच नाही. मार खातो तो मधला खेळाडू, सहावा, सातवा, आठवा, वर्षाला ८० लाख ते दोन-अडीच कोटी कमावणारा, ज्याच्यामुळे प्लेऑफमध्ये एखाद-दुसरा गेम फिरतो. मालकांची काटछाट तिथे सुरू होते.

आणि कधीकधी काटछाट करताना हातात कोण आहे हेच कळत नाही. २०१२ मध्ये ओक्लाहोमा सिटी फायनल खेळली, केव्हिन ड्युरँट, रसेल वेस्टब्रूक, सर्ज इबाका आणि बेंचवरून येणारा जेम्स हार्डन, सगळे पंचविशीच्या आतले. पुढच्या वर्षापासून नवे कडक स्लॅब लागणार होते. हार्डनला जे ऑफर केलं आणि जे मॅक्सिमम मिळू शकत होतं त्यात चार वर्षांचा मिळून फरक होता ५० लाख डॉलरच्या आसपास. बोलणी फिसकटली, आणि सीझन सुरू व्हायच्या काही दिवस आधी, ऑक्टोबरच्या शेवटी, हार्डन ह्यूस्टनला. ड्युरँट २०१४ ला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, वेस्टब्रूक २०१७ ला, हार्डन २०१८ ला. तीन एमव्हीपी एका टीममध्ये होते आणि त्या तिघांनी मिळून तिथे एकही चॅम्पियनशिप जिंकली नाही. नुसता टॅक्सच कारण होता असं म्हणणार नाही, हार्डनला स्वतःची टीम हवी होती हाही भाग होता, पण ऑफरचा तो हट्ट टॅक्सच्या टेबलावरून (रेटच्या तक्त्यावरून) आलेला होता हे नक्की. मायामीनेही २०१३ ला चॅम्पियन झाल्या झाल्या माइक मिलरला सोडून दिलं, निव्वळ टॅक्स वाचवायला, आणि लेब्रॉन जेम्सला ते रुचलं नव्हतं हे त्याने नंतर लपवलं नाही. पुढच्याच वर्षी तो स्वतः क्लीव्हलँडला गेला.

आता वाटपाचा भाग. रेषेच्या खाली राहिलेल्या टीमना टॅक्सचा वाटा मिळतो असं वर म्हटलं, काही वर्षी हा वाटा प्रत्येक टीमला एक कोटी डॉलरपेक्षा जास्त आलाय. आता विचार करा, तुमची टीम रेषेच्या फक्त दोन लाख डॉलर वर आहे. टॅक्स अगदी किरकोळ आहे, पण वर असल्यामुळे तो एक कोटीचा वाटा गेला. म्हणजे खरा दंड दोन लाखांवरचा नाहीच, तो एक कोटीचा आहे. म्हणूनच इतक्या टीम रेषेच्या जस्ट खाली गर्दी करून बसलेल्या दिसतात.

त्यातून फेब्रुवारीतल्या ट्रेड डेडलाइनची ती सगळी विचित्र घाई होते. टॅक्स वर्षभराच्या सरासरीवर नसतो, रेग्युलर सीझनच्या शेवटच्या दिवशी टीमच्या खात्यावर जी सॅलरी असेल त्यावर लागतो. त्यामुळे एखाद्या खेळाडूला निम्म्याहून जास्त सीझनचा पगार देऊन झालेला असला तरी फेब्रुवारीत त्याला दुसऱ्या टीमच्या गळ्यात मारला की त्याच्या अख्ख्या वर्षाच्या सॅलरीवरचा टॅक्स गायब. ज्या टीमकडे जागा आहे ती म्हणते, घेतो, पण सोबत एक सेकंड राउंड पिक दे आणि थोडे रोख पैसे दे. आपण बातमीत वाचतो की अमुक टीमने कधी न खेळणारा एक खेळाडू आणि पिक देऊन बदल्यात जवळजवळ काहीच घेतलं नाही, आणि फॅन चिडतात, पण मालकाने त्या एका कागदावर काही कोटी वाचवलेले असतात. पंधरा जणांची जागा असताना चौदाच खेळाडू ठेवायचे, एखादी जागा रिकामी झाली तर नियमात बसेल तितके दिवस रिकामीच ठेवायची, असले प्रकारही यासाठीच. शिवाय सीझनच्या शेवटी रेषेखाली आलात तर रिपीटरच्या मोजणीत ते वर्ष धरलं जात नाही, तो अजून एक फायदा.

मग काही मालक एवढा टॅक्स भरतात तरी का? गोल्डन स्टेट वॉरियर्सचं उदाहरण यात सगळ्यात भारी आहे. जो लेकब आणि पीटर ग्युबर यांच्या ग्रुपने २०१० ला टीम ४५ कोटी डॉलरला घेतली. २०२१-२२ मध्ये त्यांच्या खेळाडूंची सॅलरी साधारण १७.६ कोटी होती आणि त्यावरचा टॅक्स जवळपास १७ कोटी. म्हणजे जेवढे पगार तेवढाच दंड! त्या वर्षी ते चॅम्पियन झाले. लेकब यांनी नंतर एका पॉडकास्टवर सांगितलं की हा टॅक्स अन्यायाचा आहे, आम्ही हे खेळाडू बाहेरून विकत आणलेले नाहीत, बहुतेक आम्हीच ड्राफ्ट केलेत, आणि एनबीएने त्यांना ५ लाख डॉलरचा दंड ठोकला.

मला लेकब यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं आणि मी हे आडपडदा न ठेवता लिहितोय. करी २००९ चा ड्राफ्ट, क्ले थॉम्पसन २०११ चा, ड्रेमंड ग्रीन २०१२ चा, तिघंही वॉरियर्सनेच निवडलेले, घडवलेले, सगळे टीमबरोबर मोठे झाले आणि मोठे झाल्यामुळेच महाग झाले. अँड्र्यू विगिन्स ट्रेडमधून आला हे खरं, पण टीमचा गाभा घरचा होता. टॅक्सच्या टेबलाला घरी वाढवलेला खेळाडू आणि बाजारातून उचललेला खेळाडू यात काहीच फरक दिसत नाही. माझ्या मते दिसला पाहिजे. स्वतः ड्राफ्ट केलेल्या, सात-आठ वर्षं एकाच टीमला दिलेल्या खेळाडूची निदान अर्धी सॅलरी टॅक्सच्या हिशोबातून सोडली पाहिजे. असा नियम असता तर क्ले थॉम्पसन २०२४ ला डॅलसच्या जर्सीत दिसला असता का? तो वाद पैशापुरता नव्हता, मान्य, पण पैशाची ओढाताण नसती तर वाद तिथवर गेला असता असं मला वाटत नाही.

तर टॅक्स भरायला परवडतं कसं, त्याचं उत्तर टीमच्या किमतीत आहे. बॉस्टन सेल्टिक्स २००२ मध्ये ३६ कोटी डॉलरला विकली गेली होती, २०२५ मध्ये ६१० कोटी डॉलरला सौदा ठरला. लेकर्सचा सौदा त्याच वर्षी १००० कोटी डॉलरच्या भावाने झाला. टीव्हीचा नवीन करार ११ वर्षांचा, ७६०० कोटी डॉलरचा. म्हणजे कागदावर मालक दर वर्षी अजून श्रीमंत होतो. पण कागदावरची किंमत म्हणजे हातातली कॅश नव्हे, टॅक्सचा चेक मात्र कॅशमधून फाडावा लागतो, आणि बऱ्याच टीमना एक मालक नसतो, दहा-वीस भागीदार असतात. टॅक्सचं बिल वाढलं की भागीदारांकडे पैसे मागायला जावं लागतं आणि तिथे कुरबुर सुरू होते. वॉरियर्सकडे स्वतःच्या पैशाने बांधलेलं चेस सेंटर आहे, सॅन फ्रान्सिस्कोसारखं मार्केट आहे, प्लेऑफच्या एकेका होम गेमचं उत्पन्न प्रचंड आहे, त्यामुळे टॅक्सचा मोठा हिस्सा तिथून निघतो. पेसर्सच्या इंडियानापोलिसचं मार्केट त्याच्या आसपासही नाही. दोघांना रेट मात्र एकच. म्हणून "मालक अब्जाधीश आहे ना, मग काय प्रॉब्लेम आहे" हा प्रश्न अर्धवट आहे, बघायचं असतं ते टीम स्वतः किती कमावते आणि मालक खिशातून किती घालायला तयार आहे.

खिशातून घालणारे असतातच. मायक्रोसॉफ्टचे माजी सीईओ स्टीव्ह बामर, लॉस एंजेलिस क्लिपर्सचे मालक, त्यांना टॅक्स म्हणजे चिल्लर. २०२३-२४ ला वॉरियर्सने सुमारे १७.७ कोटी आणि क्लिपर्सने १४ कोटींच्या वर टॅक्स भरला, वॉरियर्स तर त्या वर्षी प्ले-इनमध्येच, म्हणजे प्लेऑफच्या आधीच्या पात्रता गेममध्ये, सॅक्रॅमेंटोकडून हरले. अशा मालकांना नुसत्या पैशाने थांबवता येत नाही हे लीगला कळून चुकलं होतं. त्यामुळे २०२३ च्या करारात सेकंड एप्रन आला, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला हा सगळ्यात मोठा बदल आहे.

सेकंड एप्रन म्हणजे टॅक्सच्या रेषेच्याही वरची अजून एक रेषा, २०२५-२६ ला ती २० कोटी ७८ लाखांवर आहे, म्हणजे टॅक्सच्या रेषेपासून साधारण दोन कोटी वर. ती ओलांडली की टॅक्स तर आहेच, पण सोबत टीमची हत्यारं काढून घेतात. दोन खेळाडूंच्या सॅलरी एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. ट्रेडमध्ये रोख पैसे देता येत नाहीत. जेवढी सॅलरी पाठवली त्यापेक्षा एक डॉलरही जास्त परत घेता येत नाही. मिड-लेव्हल एक्सेप्शन, म्हणजे कॅपच्या वर असूनही बाहेरचा मधल्या पगाराचा खेळाडू घ्यायची सवलत, बंद. सात वर्षांनंतरचा फर्स्ट राउंड पिक गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही, आणि पुढच्या चारपैकी दोन वर्षं अजून वरच राहिलात तर तो पिक सरळ राउंडच्या शेवटी ढकलला जातो, टीम कितीही वाईट खेळलेली असली तरी. पैसा असलेल्या मालकाला पैशाने होणारी शिक्षा लागत नव्हती, मग शिक्षा टीम बांधायच्या कामालाच लावली.

परिणाम लगेच दिसला. २०२४ ला क्लिपर्सने पॉल जॉर्जला जाऊ दिलं आणि निवेदनात नव्या करारातली बंधनं हे कारण उघडपणे दिलं, आणि ही बामर यांची टीम बरं का. मिनेसोटा कॉन्फरन्स फायनल खेळून आली आणि त्याच वर्षी ट्रेनिंग कॅम्पच्या तोंडावर त्यांचा स्टार कार्ल-अँथनी टाउन्स न्यूयॉर्कला गेला. फिनिक्सचे मॅट इश्बिया यांनी फेब्रुवारी २०२३ ला टीम हातात घेतल्या घेतल्या ड्युरँट आणला, मग ब्रॅडली बील आणला, बीलच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नो-ट्रेडचं कलम (त्याच्या परवानगीशिवाय ट्रेड नाही), पहिल्या वर्षी मिनेसोटाने ४-० ने धुतलं, दुसऱ्या वर्षी सॅलरी आणि टॅक्स मिळून ३५ कोटी डॉलरच्या वर खर्च आणि रेकॉर्ड ३६-४६, प्लेऑफसुद्धा नाही. चूक दुरुस्त करायला गेले तर हात बांधलेले, दोन सॅलरी एकत्र करता येत नाहीत. शेवटी २०२५ च्या उन्हाळ्यात ड्युरँट ह्यूस्टनला गेला आणि बीलचे उरलेले पैसे पाच वर्षांवर पसरवून त्याला मोकळं केलं, म्हणजे तो दुसरीकडे खेळेल आणि फिनिक्सच्या हिशोबात त्याची सॅलरी पाच वर्षं दिसत राहील.

हीच पसरवायची युक्ती मिलवॉकीने टर्नरसाठी वापरली. त्यांचा स्टार डेमियन लिलार्ड अकिलीसच्या दुखापतीने बाहेर होता, त्याचे दोन वर्षांचे ११ कोटींपेक्षा जास्त डॉलर पाच वर्षांवर पसरवले, दर वर्षी २.२५ कोटी, आणि त्यातून झालेल्या जागेत टर्नरला घेतलं.

आणि बॉस्टन. ब्राउन आणि टेटम, दोघंही स्वतः ड्राफ्ट केलेले, २०२४ चे चॅम्पियन. ब्राउनचा करार साधारण २८.५ कोटी डॉलरचा, टेटमचा ३० कोटींच्या वरचा. २०२५ च्या प्लेऑफमध्ये टेटमचा अकिलीस गेला, टीम विक्रीच्या मधल्या टप्प्यात होती, आणि पुढच्या वर्षी टीम तशीच ठेवली तर सॅलरी आणि टॅक्स मिळून ५० कोटी डॉलरच्या आसपास जाईल असे अंदाज येत होते. जून उलटायच्या आत जू हॉलिडे पोर्टलँडला आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला द्यायचं ठरलं. चॅम्पियन टीमचे पाच स्टार्टर, त्यातले दोन एका वर्षात गेले, आणि दोघंही वाईट खेळले म्हणून गेले नाहीत.

इथे एक गोष्ट फार जण विसरतात, खेळाडूंचा एकूण वाटा या टॅक्सने कमी होत नाही. लीगच्या बास्केटबॉलशी संबंधित उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा, हे करारातच ठरलेलं आहे, आणि तो ताळमेळ बसवायला त्यांच्या पगारातले १० टक्के राखून ठेवतात. म्हणजे टॅक्समुळे बॉस्टनने खर्च कमी केला तर ते पैसे फिरून दुसऱ्या कुठल्यातरी टीमच्या खेळाडूला मिळतात. बदलतं ते हे, की कोण कुठे खेळणार आणि कुणाबरोबर. पैसा टिकतो, टीम फुटते. मला याच गोष्टीचं वाईट वाटतं, कारण पाच माणसं एकमेकांच्या सवयी ओळखायला लागायला तीन-तीन वर्षं लागतात आणि हिशोबवाल्यांना ती तीन वर्षं दिसत नाहीत.

पण दुसरी बाजू न लिहिणं चुकीचं होईल. २०१९ ते २०२५ या सात सीझनमध्ये सात वेगवेगळे चॅम्पियन झाले, टोरंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन, ओक्लाहोमा सिटी. इंडियाना आणि ओक्लाहोमा सिटीसारख्या छोट्या मार्केटची फायनल सात गेमपर्यंत रंगली. याचं सगळं श्रेय टॅक्सला देता येणार नाही, नशीब आहे, दुखापती आहेत, चांगलं ड्राफ्टिंग आहे, पण मोठ्या शहरांना बेलगाम पैसा टाकता आला असता तर हे चित्र असं दिसलं नसतं असं मला वाटतं. मला टॅक्स नको असं नाहीच, मला तो घरच्या खेळाडूंना सोडून इतरांवर लागलेला हवाय.

आता पुढची परीक्षा पुन्हा ओक्लाहोमा सिटीची. हार्डनला जाऊ देणारे सॅम प्रेस्टीच अजून तिथे टीम चालवतात. २०२५ ला चॅम्पियन झाल्यावर त्यांनी शे गिल्जस-अलेक्झांडर, जेलन विल्यम्स आणि चेट होमग्रेन या तिघांचे करार वाढवले, तिघांचे मिळून ८० कोटी डॉलरच्या वर जाऊ शकतात. विल्यम्स आणि होमग्रेनचे मोठे पगार २०२६-२७ ला सुरू होतात, शेचा नवा करार त्याच्या पुढच्या वर्षी. आयझाया हार्टनस्टाइन आणि लू डॉर्ट यांच्या करारातलं २०२६-२७ चं वर्ष टीमच्या मर्जीवर ठेवलेलं आहे, ठेवायचं की सोडायचं. डॉर्ट २०१९ पासून तिथे आहे, ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला पोरगा, यांनीच उचलून घडवला, आणि टॅक्सच्या टेबलात त्याच्या या सगळ्या वर्षांसाठी एकही रकाना नाही.